आक्कांचा आवाज आणि उतरलेले सेल

परभणी जिल्हा पाहायला म्हणून कोणी जात नाही. समुद्र नाही, थंड हवा नाही, आणि गोदावरी लागते ती गंगाखेडच्या पुलावर, तेव्हा आम्ही दोघंही बसमध्ये झोपलो होतो. मीही तिकडे गेलो नसतो. गेलो तो सासऱ्यांना सोबत म्हणून, आणि सासरे निघाले होते ते एक कॅसेट ऐकायला.

सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते सांगलीला आमच्याकडेच असतात. बालपण मानवतला गेलं. त्यांना गाण्याची आवड आहे असं म्हटलं तर लोक समजतात की माणूस कामं करता करता रेडिओ ऐकत असेल. आप्पांचं तसं नाही. गाणं चालू असताना ते जेवत नाहीत, बोलत नाहीत, चहाचा कप उचलत नाहीत. जुन्या काळचं एखादं गाणं रेडिओवर लागलं की आमच्या घरी वाढणं थांबतं. शैला, म्हणजे माझी बायको, भातवाडी हातात धरून उभी राहते. लावणी असो, गोंधळ्याचं गाणं असो, कव्वाली असो की चित्रपटातलं जुनं गाणं, आप्पांचा नियम एकच, गाणं पुरं होऊ द्यायचं.

मला स्वतःला गाण्यातलं कळत नाही. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर वजनं पाहतो. काट्याची सुई कुठे थांबली हे मला कळतं, सूर कुठे थांबला ते कळत नाही. एकदा मी आप्पांना विचारलं, इतक्या गाण्यांतलं चांगलं कोणतं हे तुम्ही ठरवता कसं? ते म्हणाले, "आमची आई जात्यावर गायची. तिच्यामागं आक्का गाते, अगदी तश्शी. बाकीची सगळी गाणी मी त्याच्यावर तोलतो." हे उत्तर मला पटलं. प्रमाणाचं वजन एकच असावं लागतं.

आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण. चारठाण्यापासून कोसभरावरच्या एका खेड्यात दिलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हा आप्पा स्वतः आजारी होते, जाता आलं नाही. पुढे आक्कांचा मुलगा दत्ता एका लग्नाला सांगलीला आला आणि जेवताना सहज बोलून गेला, "मामा, आवाज गेला पर गाणं हाय की. आप्रेशनच्या आदल्या दिशी गुरुजीनं टेप केलतं."

आप्पांचा हात ताटात थांबला. ते म्हणाले, "आणि हे तू आत्ता सांगायलास?"

संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो.

मानवत

परभणीहून छोट्या रुळांची गाडी पकडली. आमच्याकडे आता मोठी लाईन आहे, त्यामुळे डबा बैलगाडीसारखा अरुंद वाटला. मात्र बसायला जागा देण्याची पद्धत मोठ्या लाईनीपेक्षा चांगली. चौघांच्या बाकावर आम्ही पाचवे आणि सहावे, आणि सरका म्हणायची वेळ आली नाही. एकाने शेंगदाणे पुढे केले, दुसऱ्याने कुठले, कोणाकडचे, हे विचारून घेतलं. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सांगलीत "आम्ही जातोय" म्हणणारे आप्पा गाडी हलल्यापासून "आमी जायलोय" म्हणायला लागले होते. सांगलीच्या बाजूला नोकरीत पस्तीसएक वर्षं काढलेली जीभ एका स्टेशनात बदलली.

मानवतला उतरायचं कारण असं की लहानपणी आप्पा जिथे गाणी ऐकत ते हॉटेल त्यांना मला दाखवायचं होतं. हॉटेलात भोंग्याचा फोनो होता. वडील कापसाच्या अडतीवर काट्यावर असत, त्यांचा डबा पोचवून परत येताना आप्पा तिथे उभे राहत. हॉटेल काही सापडेना. त्या जागी कॅसेटचं दुकान होतं. गल्ल्यावर तिशीतला एक गृहस्थ.

"काय पायजे, बाबा?"

"हितं हाटेल व्हतं. भोंग्याचा फोनू व्हता."

"आमच्या आजाचं व्हतं ते. फोनू गेला मोडीत. कॅसेट दिऊ का? भजनं हायेत, कव्वाली हाय, डिस्को हाय."

"जुनं काय हाय?"

"जुनं हे बगा, मागच्या दिवाळीचं."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता चिडतात, पण ते हसले. दुकानदाराने स्टूल दिलं, चहा मागवला. मग तोच सांगायला लागला की आजा फार कडक होता. रेकॉर्ड चालू असताना गिऱ्हाइकाला कपबशी उचलू द्यायचा नाही, खडखड होते म्हणून. चहा गार झाला तर पुन्हा गरम करून देईन, पण आवाज करू नका, म्हणायचा.

आप्पांच्या नियमाचं मूळ मला असं सापडलं. शैलाच्या हातातल्या भातवाडीचा उगम मानवतच्या एका हॉटेलात होता. परतल्यावर मी तिला ते सांगितलं, तर ती म्हणाली, "तो म्हातारा भेटायला हवा होता मला."

सेलू

सेलू दुरूनच कळतं. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पांढरी फुलं आल्यासारखी दिसतात, जवळ गेलं की तो काट्यांत अडकलेला कापूस असतो, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला. गाड्यांची रांग बाजारापासून थेट रस्त्यावर आलेली. बैल सोडलेले, माणसं कापसावर आडवी झालेली. हवेतसुद्धा कापूस. आप्पांच्या काळ्या टोपीवर थोड्याच वेळात पांढरी लव बसली. मी झटकायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या, जावईबापू. आमच्या घरात ह्या दिवसांत अशाच टोप्या असायच्या."

स्टँडच्या भिंतीवर निळ्या रंगात नामांतराची घोषणा होती. तिच्यावर कोणीतरी चुना मारला होता आणि चुन्यावर पुन्हा तीच घोषणा लिहिलेली होती. बस वेळेवर सुटली, आणि देवगाव फाट्याच्या अलीकडे बंद पडली. कंडक्टरने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बाहेर काढून जाहीर केलं, "ज्येला घाई हाय त्यानं उतरावं. ज्येला न्हाई त्यानं बी उतरावं."

आम्हाला सरकीची पोती घेऊन निघालेला ट्रॅक्टर मिळाला. सरकीच्या पोत्यांवर बसणं गादीवर बसण्याहून सुखाचं, फक्त वास तेलकट. वर बसून आप्पा गायला लागले. आवाज जाड, धापही लागत होती, पण ट्रॅक्टरवाला वळून वळून दाद द्यायला लागला. शेवटी मी त्याला म्हटलं की पुढे बघून चालवा.

आक्कांचं गाव

माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, पुढे अंगण, अंगणात लिंब. दत्ताची बायको सुमन पाय धुवायला पाणी घेऊन आली. तिच्या मागे नऊवारीतल्या, उंच, सरळ अंगाच्या आक्का उभ्या होत्या. त्यांनी आप्पांकडे पाहिलं आणि ओठ हलले.

"आलास, गंगा?"

गंगा हे आप्पांचं घरातलं नाव. पण आवाज नव्हताच. कोणी कोरडी पानं चुरावीत तशी कुजबुज. आप्पांना ऑपरेशनचं माहीत होतं, तरी ते इकडेतिकडे पाहायला लागले, दुसरंच कोणी बोललं असावं तसे. मग त्यांनी वाकून पाय धरले. बराच वेळ उठले नाहीत.

जेवण फार चांगलं होतं. ज्वारीची भाकरी आमच्यापेक्षा पातळ आणि पांढरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्या-मसाल्याची आमटी, जवसाची चटणी, आणि वाटीभर घट्ट दही. आमच्याकडे पाहुण्याला नको म्हटल्यावर एकदा आग्रह करतात. इथे नको हा शब्द ऐकूच जात नाही. आक्कांना मोठ्याने बोलता येत नसल्यामुळे त्या आग्रह हाताने करायच्या, म्हणजे सरळ ताटात भाकरी टाकायच्या. सुमन म्हणाली, "दाजी, आमच्या आत्याबाईंसंगं वाद घालता येत न्हाई. त्येंचं आयकू येत न्हाई, आन् आपलं त्या आयकत न्हाईत."

आक्का हसल्या. खांदे हलले, आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात हुरडा होता. हुरडा भाजणं चालू असतानाच आप्पांनी विषय काढला. "दत्ता, ती कॅसेट लाव की आज."

दत्ताने आईकडे पाहिलं. आक्कांनी मान हलवली आणि हाताने नको अशी खूण केली. आप्पांनी पुन्हा म्हटलं. आक्का उठल्या आणि बांधाकडे निघून गेल्या.

"मामा, तिला आवडत न्हाई ते," दत्ता हळू म्हणाला.

"मी सांगलीहून काय हुरडा खायला आलो?"

"तसं न्हाई. पर ते आयकलं की पोरं हसतात. मंग तिनं ते तुरीच्या डब्यात टाकून ठिवलंय."

पोरं का हसतात हे मला तेव्हा कळलं नाही. दुपारी कळलं. आप्पांनी बहिणीचा हात धरून तिला लिंबाखाली बसवलं, चार गोष्टी सांगितल्या, आईची आठवण काढली. शेवटी आक्का स्वतःच उठल्या आणि तुरीच्या डब्यातून कॅसेट काढून आणली. दत्ताचा टू-इन-वन ओसरीवर होता, भिंतीच्या प्लगवर. आप्पांनी टोपी नीट केली, मांडी घातली आणि डोळे मिटले.

आधी घरघर ऐकू आली. मग आवाज आला. चिमणीच्या पिलाने ओवी म्हणावी तसा, चिरका, घाईघाईचा, शब्दाला शब्द धडकत होता. शेजारची पोरं जमलीच होती. ती तोंडावर हात दाबून फुसफुसायला लागली आणि एक फुटलंच. आक्का उठल्या आणि आत गेल्या.

आप्पांनी डोळे उघडले. गाणं संपलं नव्हतं, आणि जन्मात पहिल्यांदा ते गाण्याच्या मध्येच बोलले. "बंद करा. ही आक्का न्हाई."

"मामा, मी समोर व्हतो," दत्ता म्हणाला. "तीच हाय."

"न्हाई म्हणतो ना."

आतून सुमन बाहेर आली, तिचा चेहरा उतरला होता. तिने सांगितलं, आक्का चुलीपुढे बसल्या होत्या आणि तिला विचारत होत्या की मी जन्मभर अशीच गात होते का, आणि लोक तोंडावर चांगलं म्हणत होते का. आप्पांनी ते ऐकलं. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत आणि मला म्हणाले, "उद्याची सेलूची बस बघा."

मला खरं तर तेव्हा निघावंसंच वाटत होतं. म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं एकुलतं एक वजन खोटं निघालं होतं, आणि म्हातारीला वाटत होतं की कॅसेटमधलंच खरं. दोघांमध्ये आता एका कॅसेटचं अंतर होतं.

चारठाणा

सकाळची बस चुकली, म्हणजे ती आलीच नाही. आप्पा अंगणात पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. दत्ता म्हणाला, दाजी, तुमी तवर चारठाण्याची देवळं तरी बगून या, खंदारे गुरुजी तिकडंच निघालेत. हे गावच्या शाळेतले गुरुजी, टेप करणारे तेच. घर गावाच्या पलीकडच्या अंगाला, विहाराजवळ. चाळिशीचे, सडसडीत, सायकल हातात धरून माझ्या बरोबरीने चालत आले.

चारठाण्याचे लोक या देवळांचं काही विशेष मानत नाहीत असं मला दिसलं. कोरीव दगडांच्या आडोशाला शेळ्या बांधलेल्या, एका मंडपात कडबा ठेवलेला. एक उंच कोरीव खांब एकटाच उभा आहे. माझी मान दुखेपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं. तळापासून वरपर्यंत नक्षी आहे आणि कुठेही हात सुटलेला नाही. आमच्याकडे असा खांब असता तर भोवती कुंपण आणि नारळाचं दुकान झालं असतं.

खांबाच्या सावलीत बसलो तेव्हा मी गुरुजींना कालचं सांगितलं. त्यांना ते नवीन होतं. ते म्हणाले, "चिरका? कसं शक्य आहे? त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला माझ्या आईच्या ओव्या आहेत. दिवाळीत त्याच मशीनवर मी टेप केल्या होत्या. आक्कांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरात दुसरी कॅसेट नव्हती, म्हणून आईची बाजू तशीच ठेवून दुसऱ्या बाजूला आक्कांचं घेतलं आणि कॅसेट त्यांनाच दिली. आमची आई काय चिमणी वाटते होय? तुम्ही पलटून ऐकली नाही का?"

मी म्हटलं, "नाही."

"दत्तानं पण नाही?"

दोन वर्षं ती कॅसेट त्या घरात होती आणि ती कोणी उलटी केली नव्हती. सायकलचं हँडल फिरवत गुरुजी म्हणाले, "असू द्या. चला, आपण उलटी करू."

परतताना मी एकच गोष्ट डोक्यात घोळवत होतो. एकाच काट्यावर एका गिऱ्हाइकाचं माप बरोबर आणि दुसऱ्याचं कमी भरलं, तर गिऱ्हाइकाला दोष देण्याआधी मधल्या वेळात काट्याला काय झालं ते पाहावं लागतं.

पुन्हा ओसरीवर

आप्पा पिशवीसकट तिथेच होते. गुरुजी ओसरीच्या पायरीपाशी थांबले. आक्कांनी आतून पाहिलं, त्या बाहेर आल्या आणि सतरंजीवर हात आपटून त्यांना वर बसायची खूण केली. ते वर बसले. मी कॅसेट उलटी करून लावली.

जात्याची घरघर आली, ती जड, सावकाश. मग एका बाईचा भरदार आवाज.

*लेक निघाला शाळंला, पाटी त्याच्या गं काखंत,*
*माय कापूस येचिते, बोंड रुतलं नखांत.*

आक्कांनी गालाला हात लावला. "गयाबाई!" त्या कुजबुजल्या. गुरुजींच्या आईचं नाव ते. दोघी वर्षानुवर्षं एकाच रानात कापूस वेचायला होत्या. ओव्यांत पुढे शाळा होती, निळं निशाण होतं, देव कुठेच नव्हते. पण आप्पांचे डोळे आपोआप मिटले होते. ओवी संपल्यावर ते म्हणाले, "चाल आमच्या आईची हाय."

"आमी दोगींनी संगंच गायली की ती," आक्का म्हणाल्या. "रानात."

मग मी कॅसेट पुन्हा आक्कांच्या बाजूला लावली आणि सगळ्यांना म्हटलं, गाणं ऐकू नका, बाकीचं ऐका. तीच चिवचिव सुरू झाली. जातंसुद्धा शिवणाच्या मशीनसारखं पळत होतं. दोन ओव्यांच्या मध्ये कोणीतरी खोकलं. शेळी शिंकावी तसं.

"हे कोण?" मी विचारलं.

दत्ता वरमला. "मी. मला सर्दी व्हती. पर मी असा खोकतो व्हय?"

"नाही ना? म्हणजे फक्त आक्का नाहीत, त्या दिवशीचं सगळंच पळतंय. जातं, खोकला, सगळं. गुरुजी, दिवाळीत आणि त्या दिवशी मशीनमध्ये काय वेगळं होतं?"

गुरुजी आठवायला लागले. मशीन तेच, त्यांचं स्वतःचं, जागा तेवढी वेगळी. लाईट दोन्ही वेळा नव्हती, म्हणजे सेलवरच. दिवाळीला नवे सेल आणले होते.

"आन् त्या दिशी?" सुमन एकदम म्हणाली, आणि तिने कपाळावर हात मारला. "अगं माय! त्या दिशी सेल मीच दिलते. रानातल्या बॅटरीतले."

बॅटरी म्हणजे हातातला विजेचा दिवा. रात्री पिकाला पाणी द्यायला नेतात तो.

"चांगले होते?" मी विचारलं.

"चांगले कुटले, दाजी? उतरले व्हते. दोन दिस माळवदावर उन्हात टाकले, तवा कुटं जरा धुगधुगले."

आमच्याकडेही उतरलेले सेल उन्हात टाकतात, दिव्याला ते चालून जातात. पण टेपचं चाक तेवढ्या जोरावर मंद फिरतं. मंद चाकावर भरलेली फीत विजेच्या पुऱ्या जोरावर लावली की ती पळणारच. आक्का बरोबर गायल्या होत्या. काटा हलका होता.

"मग आता?" आप्पांनी विचारलं. पिशवी त्यांच्या मांडीवरून खाली आली होती.

"आता पुन्हा तसलेच सेल पाहिजेत," मी म्हटलं. "उतरलेले."

गावात नवे सेल मागितले असते तर अडचण होती. उतरलेल्यांची टंचाई नव्हती. दत्ता आणि गुरुजी दोघं दोन अंगांना गेले आणि घटकाभरात टोपलंभर सेल घेऊन आले. काही गंजलेले, काही गळके, काहींवर पोरांनी दात उमटवलेले. प्लग काढला, चार सेल घातले.

पहिल्या खेपेला सेल फारच गेलेले निघाले. जातं दगड ओढल्यासारखं कण्हलं आणि त्यातून एका पुरुषाचा जाड, झोपाळू आवाज आला. दत्ता दचकला. "हे तर आबा!" म्हणजे त्याचे वारलेले वडील. आक्का पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि सुमनला पाणी आणावं लागलं.

मग मी कामाला लागलो. दोन बरे आणि दोन गेलेले. तीन बरे, एक गेलेला. पण बरोबर कधी झालं हे मला कळणार नव्हतं. खरा आवाज नेमक्या सुरासकट ज्यांच्या कानात पक्का होता ते एकच माणूस तिथे होतं. मी सेल बदलायचो आणि आप्पांकडे पाहायचो. ते डोळे मिटून बोट वर करायचे, म्हणजे अजून वर आहे, खाली आणा. मी बदलायचो. बोट खाली जायचं. माझ्या अडतीवर मी कोणाला काट्याला हात लावू देत नाही. इथे काटा आप्पा होते आणि मी वजनं चढवणारा हमाल.

कितव्यांदा ते सांगत नाही, पण एकदा मी पाहिलं तर बोट हललंच नाही. हात मांडीवर आला होता.

*जात्याचा गं खुंटा माज्या आईच्या हातचा,*
*वढताना गं येतो नाद तिच्या बांगड्यांचा.*

*मानवताच्या वाटंला गाडी कापसाची आली,*
*माज्या गंगाची गं टोपी कशी ढवळीफेक झाली.*

मला गाण्यातलं कळत नाही हे मी आधीच लिहिलं आहे. आवाज गोड नव्हता. रुंद होता, थोडा खरखरीत, आणि ओळीच्या शेवटी तो खाली बसायचा, पोतं जमिनीला टेकवावं तसा. पोरं पुन्हा जमली होती. कोणी हसलं नाही. दत्ताचा खोकला आला, तो अगदी दत्ताचा. आप्पा हलले नाहीत. सुमनने चहा आणला होता, ती कपबशा धरून तशीच उभी राहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आक्का बसल्या जागी पुढे-मागे डोलत होत्या, उजवा हात मुठीत मिटलेला, खुंटा धरावा तसा. ओठ ओवीबरोबर हलत होते. सेल आणखी उतरले आणि आवाज जडावत थांबला. तेव्हा त्यांनी मूठ सोडली आणि आप्पांकडे वळल्या.

"व्हय रे गंगा. ही मी."

"मंग?" आप्पा म्हणाले. "मी काय येगळं म्हनत व्हतो?"

त्या दिवशी ते दोन वेळचं जेवले.

घरी

निघताना आक्का कॅसेट द्यायला लागल्या. आप्पांनी घेतली नाही. एका बाजूला गयाबाई आहेत, ती इथेच राहिली पाहिजे, म्हणाले. सेलूला एका दुकानात दोन्ही बाजूंची प्रत करून घेतली आणि मूळ कॅसेट पोचवायला आलेल्या दत्ताच्या हाती परत पाठवली. दुकानदाराचं मशीन विजेवर, त्यामुळे प्रतीतही आक्का चिमणीसारख्याच भरल्या गेल्या. मी आप्पांना म्हटलं, सांगलीला दोन मशीनं समोरासमोर ठेवून एकदाच नीट प्रत करून घेऊ, म्हणजे कायमचं काम होईल. आप्पांनी विचार केला आणि नको म्हणाले. "दळायला बसायचं तर आधी धान्य निवडावं लागतं, जावईबापू. तेवढं मला करू द्या."

तेव्हा काय म्हणायचं होतं ते कळलं नाही. आता रोज पाहतो. सकाळी ऊन अंगणात आलं की आप्पा नवे सेल घातलेली बॅटरी पायरीवर ठेवतात आणि लावून देतात. लख्ख उन्हात तिचा उजेड दिसतसुद्धा नाही. मधूनच तिच्यावर हाताची ओंजळ धरून ते आत डोकावतात, किती पिवळी झाली ते बघायला.

परवा शैला वैतागली. "आप्पा, दिवसाढवळ्या बॅटरी कशाला जाळताय?"

त्यांनी ओंजळीतून डोळा काढला नाही. "उतरायलेत," ते म्हणाले. "आता येईल आक्का."